अव्वाशेजारची जागा

सात रस्ता, सोलापूर
८ जून

प्रिय अण्णा,

फोन न करता लिहिते आहे, कारण अप्पांना हल्ली स्पीकरशिवाय ऐकू येत नाही आणि माझा प्रत्येक फोन त्यांना तुझाच वाटतो. मी दार लोटून बोलत असले तरी बाहेरून हाक येते, "प्रभु हाय का? दे हिकडं." या मेलचं उत्तर मेलनेच दे. रविवारी बोलशील तेव्हा यातलं काही काढू नकोस.

आधी तब्येत. डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. वजन कमी झालंय, पायावरची सूज उतरत नाही. पाणी मोजून द्यावं लागतं आणि त्यावरून आमची रोज भांडणं होतात. तिथल्या नर्स त्यांच्यावर खूश आहेत. सुई टोचताना ते त्यांना सांगतात, "माजी जागा ठरलीया बाई, बायकूशेजारी, तुमी फकस्त तितवर नीट पोचवा." त्यांना तो विनोद वाटतो. तुला माहीत आहे तो विनोद नाही. अव्वाला लिंगायत रीतीने रुद्रभूमीच्या मातीत बसवलं त्या दिवशी तू खड्ड्याच्या काठावर होतास. तू परत गेल्यावर अप्पांनी तिच्या डाव्या हाताला दगडांची एक ओळ लावून घेतली, स्वतःसाठी. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: औषधपाणी सोलापुरात, पण शेवट तिथे. मी हो म्हटलं होतं.

आता गावाचं सांगते. ग्रामपंचायतीची मुदत संपून बरेच महिने झाले, निवडणूक लागलेली नाही. सरपंच नाही, सदस्य नाहीत. पंचायत समितीचे एक विस्तार अधिकारी प्रशासक आहेत आणि त्यांच्याकडे आणखी गावं आहेत. ते येतात, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पुढे केलेल्या कागदांवर सह्या करतात आणि जातात. वाईट माणूस नाही. पण गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हे गावाला कळेनासं झालंय. आधी निदान सरपंचाच्या घराची पायरी होती.

अशात गावाच्या गायरानावर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला. शेतीला दिवसा वीज मिळणार म्हणून बहुतेकांना तो हवा आहे आणि त्यांचं चुकत नाही. बिरप्पाकाकांचा पुतण्या गेल्या हिवाळ्यात रात्रीचं पाणी धरायला गेला आणि साप चावून गेला. अडचण एवढीच की आपली रुद्रभूमी त्याच गट नंबरात येते. पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरली, पण सातबारावर स्मशानभूमी म्हणून नोंद कुणी करून घेतली नाही. सरकारी कागदावर तिथे नुसतं गवत आहे.

माझं कामच मोजणीचं. एका रविवारी यंत्र घेऊन गेले, सगळ्या समाध्यांच्या कडा घेतल्या आणि नकाशा काढला. रुद्रभूमी उत्तरेच्या कोपऱ्यात आहे. तो कोपरा वगळून पॅनेलच्या रांगा थोड्या पूर्वेला सरकवल्या तर जवळजवळ तेवढीच वीज निघते. कंपनीच्या इंजिनिअरला दाखवलं, त्याला पटलं. फक्त ग्रामसभेच्या ठरावात 'रुद्रभूमी वगळून' असं यायला हवं, म्हणाला. एक मेच्या सभेत ते करायचं ठरलं. वर्षाचा जमाखर्च आणि अहवाल वाचायची हीच सभा असते. आदल्या दिवशीच्या महिला सभेत बायकांनी तशी शिफारसही करून दिली. दाक्षायणीमावशी त्यासाठी घरोघर फिरली होती. प्रशासकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बसतंय की. ठरावात आलं की लिहितो."

म्हणजे सगळं जुळलं होतं. लोकांनी बसून राहायचं आणि हात वर करायचे, एवढंच बाकी होतं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मंडप होता, पण ऊन कापडातून खाली येत होतं. अप्पांना मी गाडीने नेलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. ग्रामसभा भरायला शंभर माणसं लागतात. तेवढी जेमतेम होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या बाजूची, मावशीने आणलेली. भाऊसाहेब जमाखर्च वाचत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं. मग सौर प्रकल्पाचा विषय निघाला. अप्पा उठले आणि म्हणाले, वीज या गावाला पायजेच, पण आमची माणसं जितं बसलीत तेवढं सोडा. चांगलं बोलले. आवाज बारीक होता तरी शांतता होती. बिरप्पाकाकासुद्धा मान हलवत होते.

तेवढ्यात मागून जोतिराम बोलला. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा तो, आता कंपनीला मजूर पुरवतो. म्हणाला, "वीरभद्रप्पा, तुमी तर अजून हाय की. जागंचं बुकिंग आदीच कशापाई?" मंडप हसला. आपली माणसंही हसली, अण्णा. मला वाटतं उन्हामुळे, कंटाळ्यामुळे. तोही हसण्यावारीच बोलला असेल. पण त्याने एक वाक्य जादा केलं. "आनि मेलेल्यान्ला काय, पंखा लावायचाय?"

अप्पांनी काठी उचलली. मला वाटलं मारायला जातात. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "या सभेत बसनार न्हाई. चला रं." आणि निघाले. त्यांच्यामागे आपली आळी उठली, मग मावशीच्या बायका उठल्या. अप्पा सदस्य होते तेव्हा दारूच्या दुकानाचा विषय त्यांनी असाच उठून जाऊन पाडला होता, ती गोष्ट गावात अजून सांगतात. तेव्हा पुढची सभा कुणी बोलावलीच नाही आणि विषय मेला. त्यांना वाटलं आताही तसंच. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अप्पा, उठू नका, माणसं कमी झाली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला माणसांची अट नसते, मग दहा जण असले तरी ठराव होतो. ते म्हणाले, "तू मोजनी कर. हे माजं काम हाय." आणि मला बाजूला सारून गेले. बाहेर बायका घोषणा देत होत्या. आत भाऊसाहेबांनी डोकी मोजली आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब केली.

परतताना गाडीत ते इतके खूश होते की मी पुन्हा काही बोलले नाही. वळसंगजवळ गाडी थांबवायला लावून उसाचा रस मागितला. त्यांना तो चालत नाही. मी दोन घोट दिले.

तहकूब सभा पुढच्या आठवड्यात झाली. मी अप्पांना साइटवर जाते म्हणून सांगितलं आणि एकटी गेले. पंचवीसएक माणसं होती. आपल्या आळीतलं कुणी आलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी विषय संपला होता. दाक्षायणीमावशी लेकीकडे गुलबर्ग्याला गेली होती. मी नकाशा पुढे केला तर भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं नाव आता सोलापूरच्या यादीत. तुम्हाला इथं बोलता येत न्हाई." नियम बरोबर आहे. नाव मीच हलवलं होतं. तुझं अजून गावच्या यादीत आहे, तू बोलू शकला असतास. शेवटी मी बिरप्पाकाकांकडे बघितलं. त्यांनी नुसतं 'वगळून' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण प्रशासक तेवढ्यात म्हणाले होते की मूळ प्रस्ताव वर गेलाय, आता बदल केला तर पुन्हा मोजणी, पुन्हा प्रस्ताव, आणि तोवर प्रकल्प शेजारच्या गावाला जाईल. काकांनी हात वर केला तो ठरावाच्या बाजूने. नंतर गाडीजवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पुतन्या न्हवं, पोरगंच गेलं गं माजं रात्रीच्या लायटीपाई. वीरभद्राला म्या काय तोंड दावू?" मी म्हटलं, त्यांना सांगू नका. त्यांनी गावातल्या कुणालाही अप्पांना सांगू दिलेलं नाही.

मी वर तक्रार केली आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. गेल्या शनिवारी जाऊन आले. समाध्या हलवण्यासाठी घरच्यांना दिवाळीपर्यंतची मुदत आहे, तशी नोटीस चावडीवर लागली आहे. गटात सगळीकडे लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्यात. एक अव्वाच्या डाव्या हाताला आहे, अप्पांच्या दगडांच्या आत. सवयीने मी ती तपासली. मोजणी बरोबर आहे. ज्याने केली त्याला काम येतं.

आता हे सगळं का लिहिलं ते. परवा डायलिसिसहून आल्यावर अप्पा म्हणाले, "साकु." मला वाटलं जेवण पुरे म्हणतात. ते उपचार पुरे म्हणत होते. डॉक्टरांशी ते माझ्या आधीच बोलून आले होते. थांबवलं तर एक-दोन आठवडे, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांचं म्हणणं, "जागा राखली मी. आता कशाला उगं सुया टोचून घ्यायच्या?" अव्वा गेल्यापासून इतके शांत मी त्यांना पाहिलेले नाहीत. मी खरं सांगितलं तर ते उपचार चालू ठेवतील, नक्की ठेवतील, भांडायला. पण माणसं आपणच उठवून नेली हे डोक्यात घेऊन जगतील. नाही सांगितलं तर निवांत जातील, आपण त्यांना अव्वाशेजारी बसवू आणि दिवाळीच्या आत दोघांना उकरून काढू. मी हे सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं, उत्तर निघत नाही, आणि एकटीने मी ते ठरवणार नाही. मी त्यांना सांगून टाकलंय की प्रभु येतोय, तो येईपर्यंत तरी सुया घ्या. त्यांनी माझं एवढं ऐकलं आहे. काल नर्सलाही सांगत होते, पोरगा यायला लागलाय. तू ये, अण्णा.

तुझीच,
सिद्धी