विनायकचे ट्रफल आणि माझा शब्द

१२ एप्रिल, रविवार
अमळनेर. महिला मेळावा. हॉल गच्च, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. विषय माझा नेहमीचाच, पुरुष आणि स्वयंपाकघर. बोलता बोलता तापले. तापले की माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणून टाकलं: "पुढच्या महिन्यात धुळ्याच्या मेळाव्यात चहाबरोबरचा गोड पदार्थ माझा नवरा स्वतःच्या हातांनी करून आणेल! मी हात लावणार नाही. सल्लाही देणार नाही!" टाळ्या थांबेनात.
जळगावला परतीच्या गाडीत आठवलं, विनायकला विचारलेलंच नाही. या माणसाने स्वयंपाकघरात आजवर केलेलं काम म्हणजे फ्यूज बदलणं.

१३ एप्रिल
सांगितलं. वि.ने पेपर खाली केला नाही.
"किती माणसं?"
"दोनशे बाया."
"बरं."
बस. दीपनगरच्या वीजकेंद्रात जन्मभर बॉयलरच्या पाळ्या केल्यात, धोक्याची घंटा वाजली तरी आधी चष्मा पुसणार. वादासाठी काढून ठेवलेले सगळे मुद्दे गिळावे लागले. चांगले मुद्दे होते.
सासूबाई (वय शहाऐंशी, कान शाबूत): "विनू रांधी? मंग तू काय करशी?"
म्हटलं, भाषण.
"ते त तू रोजच करस."

१६ एप्रिल
पदार्थ ठरला. पुण्याहून लेकीने व्हिडिओ पाठवला. बिस्किटांचा चुरा, त्यात क्रीम चीज, मळून गोळे, वर चॉकलेट. ट्रफल म्हणायचं. गॅस नाही, भट्टी नाही. वि. तेवढ्यावरच खूश. "नोकरीभर आग सांभाळली. आता आग नको."
शेंगदाण्याचे लाडू करेल अशी आशा होती. इथल्या मातीतलं काहीतरी. तर मैदा, साखर आणि वर परकं नाव! बिस्किटांच्या अर्थकारणावर मी अख्खं व्याख्यान दिलेलं आहे. ओठांपर्यंत पूर्ण परिच्छेद आला. पण सल्ला नाही. गप्प.

१९ एप्रिल
वि. क्रीम चीज शोधत गावभर उन्हात. डेअरीवाला म्हणाला म्हणे, "काका, क्रीम आहे, चीज आहे. दोन्ही एकत्र नाही." शेवटी चक्का घेऊन आला.
ओट्यावर पाटी लागली. 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली सही, तारीख, वेळ. वीजकेंद्रातली सवय. मी चहा करायला गेले तर म्हणतो, "परमिट?" आणि हसतही नाही. माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चहाची परवानगी मागितली. या ओट्यापासून बायांची सुटका व्हावी म्हणून मी गावोगाव घसा फोडला. आज सुटका झाली तर जीव कासावीस. याचा नीट विचार केला पाहिजे. आज नको.

२० एप्रिल
अनर्थ. सुक्या वाटणाचं मिक्सरचं भांडं आमच्याकडे एकच. त्यात मागच्या आठवड्यात काळा मसाला फिरवलेला. भांडं स्वच्छ आहे, पण आपल्याकडचा काळा मसाला स्वच्छतेला जुमानत नाही. वि.ने नेमकं तेच उचललं, बिस्किटं कोंबली. मी दारात. तोंड उघडलं. मिटलं. एवढा ताण जिभेवर भर सभेत कुणी माइक बंद केला तेव्हाही आला नव्हता.
पहिला गोळा मला. आधी गोड, मग आंबट, मग लवंग आणि मिरची थेट कानात.
"कसं झालंय?"
मत देणं म्हणजे सल्ला देणं का? म्हटलं, "झालंय."
सासूबाईंनी मात्र एकामागून एक संपवले. "शेवभाजीना लाडू शेतस का? संगे भाकर दे ना."

२१ एप्रिल
राहिलेला चक्का फ्रीजमध्येच आंबला. दुपारभर लाइट नव्हती. वि. फोनवर वायरमनला, "फीडरवर लोड किती आहे ते सांगा आधी." तिकडून, "काका, रिटायर झालात ना? झोपा."
कित्येक वर्षांनी वि.ला चिडलेलं पाहिलं. ट्रफलसाठी नाही, फीडरसाठी.

२५ एप्रिल
चक्का बाद, कंडेन्स्ड मिल्क आलं. मिक्सरचं नवं भांडं आलं. (माझ्या वाटणासाठी कितीदा मागितलं होतं. असो.)
आता चॉकलेट. व्हिडिओत ते उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून वितळवतात. म्हणजे शेवटी आगच; पहिल्यांदा बघताना ते सुटलं होतं. वि.ने तुकडे स्टीलच्या ताटात पसरले आणि ताट गच्चीवर नेलं, माझ्या बिबड्यांच्या शेजारी. खाली येऊन चष्मा पुसला, वर गेला, ताटात डोह. ज्या उन्हात आपण ज्वारीचे बिबडे पापडासारखे कडक करतो त्याच उन्हात या माणसाने चॉकलेट पातळ केलं.
पलीकडच्या गच्चीवरून रुक्सानाभाभी: "भाभी, भाईसाब क्या सुखा रहे?"
"सुखा नहीं रहे, पिघला रहे."
"लो! हमारे वाले तो धूप में कपडे भी नहीं डालते."
चव चांगली. खोटं कशाला लिहू, फारच चांगली. आणि मला राग आला. कशाचा, ते चौथा गोळा खाऊनही कळलं नाही.

२ मे
धुळ्याहून लताताईंचा फोन. मेळाव्याच्या आयोजक. "मॅडम, तुमचं भाषण थोडक्यात ठेवू. नंतर सरांचं प्रात्यक्षिक सावकाश."
कोणते सर?
"अहो, आपले विनायक सर!"
पत्रिकेत वि.चा फोटो माझ्या फोटोएवढाच आहे. तत्त्व म्हणून मला आनंद व्हायला हवा. तत्त्व म्हणून झाला.

९ मे
आमचा फ्रीज भरला, रुक्सानाभाभींचाही. उद्यासाठी थर्माकोलचं खोकं आणि कुल्फीवाल्याकडून बर्फ. वि. गोळे मोजतोय, मी भाषणाचे मुद्दे काढतेय. सासूबाई मधल्या खोलीत बसून, लेकाबद्दल, पण कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात: "मना आंडोर म्हतारपनमा हलवाई व्हयना."

१० मे, रविवार
धुळे. एसटीने. पारोळ्याला खोकं उघडून पाहिलं तर गोळे होते. धुळ्यात उघडलं तर सगळ्यांचा वितळून एकच गोळा होता.
मी घामाघूम. शब्द दिलेला, दोनशे बाया आत बसलेल्या, आणि माझे हात शिवशिवतायत. वि.ने चष्मा पुसला. लताताईंना म्हणाला, "खोबऱ्याचा कीस मिळेल?" मग भाषण चालू असताना माझ्यामागे, स्टेजवरच, टेबल मांडून त्याने तो ढीग पुन्हा वळायला घेतला. खोबऱ्यात घोळवून एकेक ताटात. बाया माझ्याकडे बघतच नव्हत्या. "अगं बाप्या माणूस बघ कसा वळतोय!" मोबाइल उंचावलेले. मी आवाज चढवला. काही उपयोग नाही. भाषण आवरतं घेतलं, पहिल्यांदाच.
ताटं फिरली, क्षणात रिकामी. वि.ला टाळ्या. मला वाटलं, जिंकलो. शब्द राहिला.
तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. डोक्यावर पदर, तोंडात अजून गोळा. "भाऊ, खाऊ झक्कास झाला. फक्त एक सांगा. एवढ्या सगळ्याची भांडी कोणी घासली?"
हॉल फुटला हसून. वि. चष्मा पुसायला लागला, आणि पुसतच राहिला. लताताईंनी माइक माझ्या हातात दिला.
ओट्याला हात लावणार नाही म्हटलं होतं. मोरी त्यात धरलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून चॉकलेट थापलेली ताटं, चिकट पातेली, ते मिक्सरचं भांडं, सगळं रोज मीच गरम पाण्याने खरवडत होते, पुढच्या भाषणाचे मुद्दे घोळवत. ते काम आहे हे डोक्यात आलं नाही. इथेसुद्धा एक ओळ लिहावीशी वाटली नाही.
काहीतरी फिरवून सांगता आलं असतं. मला येतं ते.
म्हणाले, "मी."
आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. त्यावर बाया जे हसल्या, त्यात टिंगल अजिबात नव्हती. प्रत्येकीला उत्तर आधीच माहीत होतं. तेच जास्त लागलं.

११ मे
काल परतताना एरंडोल आलं. वि. म्हणाला, "मला वाटलं, कामवाल्या बाई घासतात."
"त्या दिवाळीपासून येत नाहीत."
"हो?"


१४ मे
चाळीसगावहून फोन. तिथला मेळावा जूनमध्ये. "मॅडम, तुम्ही आणि सर, दोघंही हवेत. धुळ्यासारखंच." म्हटलं, संध्याकाळी कळवते. हो म्हणायचं तर स्टेजवर सांगणार काय? अर्धवट सांगून चालायचं नाही आता. आणि पुरं सांगण्यासारखं घरात काही घडायला हवं. वि.ला मी काही बोललेले नाही. सल्ला द्यायचा नाही हा शब्द अजून सुटलेला नाही, निदान मी तसं धरलंय.
आज सकाळी त्याने परत एक घाणा केला, रुक्सानाभाभींच्या नातवंडांसाठी. ताट, पातेलं, भांडं, सगळं मोरीत. मी तशीच बाहेर आले आणि इथे लिहीत बसले.
आत्ता मोरीत नळ सुरू झाला. ताट आपटलं. घासणीचा आवाज. घरात माझ्याशिवाय दोनच माणसं. वि. असेल, तर चाळीसगावला हो. पण सासूबाई लेकाला त्याचं जेवलेलं ताटही उचलू देत नाहीत. भिंत धरधरून त्याच गेल्या असतील, तर त्यांच्या हातातून भांडं काढून घ्यायला मलाच उठावं लागणार. म्हणजे परत मीच.
पावलांवरूनही कळेना. कुणीच बोलत नाहीये आत.
नळ चालूच आहे. अजून उठले नाही.