सगळ्यांचं मन राखणारा पाइप

चि. ठकूस,

काकाचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? नसेल तर अंगावर काढू नकोस. (हे तुझ्या काकूचं म्हणणं, मी नुसता लिहिणारा.) इकडे सगळे खुशाल आहेत, एक पंप सोडून.

तुझी आई, म्हणजे आमच्या वहिनी, लाँड्रीला कुलूप लावून कायमच्या तुझ्याकडे यायच्या आहेत, हे तुला ठाऊकच आहे. पाणी तापवता तापवता जीव मेटाकुटीला येतो म्हणतात. पण परवा धुण्याचं गरम पाणी मोरीतून वाहून जाताना मी त्यात पाय घातला (मुद्दाम, कुतूहल म्हणून) आणि मनात आलं, ही ऊब बंबात जाणाऱ्या गार पाण्याला का देऊ नये? वहिनी म्हणाल्या, "जमवून दाखवा भावजी, मग मी कुठे जात नाही." झालं! जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढं पुरे.

बेत साधा होता. मळकं गरम पाणी मागच्या पिंपात साठवायचं, पंपानं बंबापर्यंत ढकलायचं आणि तिथे तांब्याच्या नळीतून सोडायचं. त्या नळीवर मोठा पाइप चढवून मधल्या फटीतून स्वच्छ गार पाणी. पाणी पाण्याला शिवत नाही, तरी ऊब पलीकडे जाते! आधी जमिनीवर मांडून बादलीनं गरम पाणी ओतून पाहिलं, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता हात लावून बसलो होतो. गार पाणी उलट्या दिशेनं सोडलं की जास्त तापतं, हेही हातालाच कळलं. असं का, ते सवडीनं कळव.

घोटाळा झाला तो पंपापासून बंबापर्यंतच्या भिंतीवर. आपल्या घरात कुणाला नाही म्हणायची पद्धत नाही. मध्ये काकूचं फडताळ आलं; पाइप वळवला. इस्त्रीवाल्याला अधूनमधून आरशात पाहिल्याशिवाय काम सुचत नाही. आरशाला वळसा घातला. पलीकडचा शिंपी म्हणाला, भिंतीत घरघर झाली की माझी टीप वाकडी जाते. तिथे पाइप खाली उतरवून पुन्हा वर चढवला. एकाचंही मन मोडलं नाही. पंप मात्र मी पाणी किती उंच चढवायचं एवढंच पाहून आणला होता. वळणावळणाला पाण्याचा जोर खर्ची पडतो, हे मला कुठलं ठाऊक? आता पंप धापा टाकतो, पाणी उपकार केल्यासारखं ठिबकतं आणि बंबाकडचं पाणी गार ते गारच. असो. सहज लिहिलं.

तुझा काका

ता. क. सोबत पाइपचा नकाशा जोडला आहे. तू दिवसभर पंपांतच वावरतेस. कुठलं वळण काढलं की पाणी धावेल, तिथे फक्त खूण करून पाठव.

ता. क. २ : आत्ता डोक्यात प्रकाश पडला. तू बरोबर खूण केलीस तर आई तुझ्याकडे येणार नाही, आणि तू तर तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहेस. मला फार वाईट वाटलं गं. भलत्याच वळणावर खूण केलीस तरी मला कळायचं नाही, आणि कळलं तरी मी चकार शब्द काढणार नाही.

ता. क. ३ : वहिनींनी पत्र वाचलं. म्हणाल्या, "लेक कुणाची आहे? बरोबरच खूण करील, आणि मग रडत बसेल." आणि पेटीत भरलेले कपडे काढून पुन्हा कपाटात लावायला बसल्या.