सटवाजीचा हुरडा

२ डिसेंबर १९४०, सोमवार

चौदा सुया — आणि सटवाजी बरा! ताडकळसचा हा गडी महिनाभर रक्ती आवेने झिजत होता. मी रोज एक ग्रेन एमेटिन टोचलं. आज दोन भाकरी खाऊन म्हणाला, घरी जातो. परभणीच्या दवाखान्यात हाउस सर्जन होऊन मला तीन महिने झाले. सर्वस्वी माझा आणि तरीही जिवंत, असा हा पहिलाच रोगी!

निघताना आश्रुबा कंपाउंडर मध्ये पडला. "साहेब, गाडी येऊ द्या. चालत नका पाठवू." मी म्हटलं, "पालखी मागवू का? सोबत वाजंत्री?" सगळा वॉर्ड हसला. आश्रुबा तेवढा हसला नाही. बावीस वर्षं मिक्श्चरं ढवळून माणसाचं असं होत असावं.

सटवाजी पाया पडला. "पौषात हुरडा घिऊन येतो, साहेब. न्हाई आलो तर नाव बदलून ठिवा माझं." आणि झपाझप चालत गेला.

५ डिसेंबर

पौषाला अजून तीन आठवडे आहेत. तोंडाला पाणी मात्र आजच सुटलंय.

१० डिसेंबर

मानवतची मनकर्णा दाखल झाली. वय वीस. तीच रक्ती आव. आठ महिन्यांचं पोर मांडीवर, आणि अंगात दूध सोडा, घाम यायचीही ताकद नाही. सासू कडूबाई पायाशी बसून असते. "माझी सून वाचवा हो साहेब. लेकराला दुसरं कोन हाय?"

उद्यापासून एमेटिन. किती सुया? सटवाजीला चौदा दिल्या. चौदाच का? तर त्याचं रक्त तेराव्या दिवशी थांबलं, आणि एक वर दिली, शुभाची म्हणून! हैदराबादेस पाच वर्षं उर्दूतून डॉक्टरकी शिकलो ती याचसाठी.

नेमका आकडा नोट्समध्ये असणार. नोट्स वर्गमित्र बन्सीधरकडे. तो नापास झाला तेव्हा मी मोठ्या मनाने त्याला दिल्या. आता मी इथे डॉक्टर, आणि तो तिथे माझं डोकं उशाला घेऊन झोपलाय. त्याला कार्ड टाकलं — एमेटिन किती दिवस, उलट टपाली कळव.

१२ डिसेंबर

आज दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना, बडे साहेबांना, विचारलं. ते जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांबरोबर दौऱ्यावर निघाले होते. मोटारीत बसता बसता म्हणाले, "किताब देखो, मियाँ."

किताब! आहे ना. ऑफिसात काचेचं कपाट आहे. आत सदतीस पुस्तकं. मला हवं ते दुसऱ्या खणात, डावीकडून पाचवं — निळी पाठ, सोनेरी अक्षरं. काचेतून रोज दर्शन होतं. फक्त प्रदक्षिणा घालायची राहिली आहे, कारण कपाट भिंतीला टेकलेलं आहे.

कुलपावर लाखेचं सील. किल्ली हेडक्लार्क व्यंकटराव सरिश्तेदारांच्या कमरेला. मागच्या तपासणीत एक पुस्तक कमी भरलं, तेव्हा व्यंकटरावांवर चौकशीची मिसल झाली. त्या दिवशी त्यांनी सील ठोकलं. त्याला सहा वर्षं झाली. मी म्हटलं, "दोन मिनिटं उघडा. उभ्या उभ्या एक पान वाचतो."

"साहेब, तपासणी पुढच्या महिन्यात हाय. सील तुटलं तर माझी नोकरी तुटंल. दरख्वास्त द्या."

"कुणाकडे?"

"बडे साहेबांकडं."

बडे साहेब म्हणतात किताब देखो, किताब म्हणते व्यंकटराव देखो, व्यंकटराव म्हणतात बडे साहेब देखो. घाण्याच्या बैलालाही यापेक्षा जास्त प्रगती झाल्यासारखी वाटत असेल.

१३ डिसेंबर

दरख्वास्त दिली. "मजमून बराबर न्हाई" म्हणून, म्हणजे मसुदा चुकला म्हणून, परत आली.

१७ डिसेंबर

मनकर्णेची सातवी सुई. रक्त कमी आहे. पण नाडी एकशेदहा — आणि ताप तर नाही! अशक्तपणा असेल. अशक्तपणा हा फार सोयीचा शब्द आहे. माहीत नसलेलं सगळं त्यात बसतं.

दरख्वास्त दुसऱ्यांदा दिली. घेतली. आवक नंबर पडला. साहेब दौऱ्यावरून आले की पेश होईल. सध्या ते बंदूक घेऊन काळविटांच्या प्रकृतीची चौकशी करताहेत.

बन्सीधरचं उत्तर नाही.

१९ डिसेंबर

नववी. नाडी एकशेतीस. हात उचलताना तिचा खांदा थरथरतो. सुई देऊन वळलो तर आश्रुबा दारात उभा.

"उद्याची धावी. मंग बस करा, साहेब. धाच्या म्होरं न्हाई."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

"माझ्या."

आणि लाल फडक्यात बांधलेली एक जाडजूड वही दाखवली. मोडीत लिहिलेली! मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही. बावीस वर्षांत जे जे डॉक्टर आले, त्यांनी कुणाला काय दिलं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, ते सगळं म्हणे यात आहे. मी म्हटलं, "वा! ग्रंथालयच की. याला सील नाही लावलं?"

या वेळीही तो हसला नाही. फडकं बांधून निघून गेला. माझ्या तोंडाची चव गेली ती रात्रीच्या जेवणापर्यंत आली नाही. का कोण जाणे.

२० डिसेंबर

दहावी दिली. उद्या अकरावी. पुस्तक काचेत आहे. मी बाहेर आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी सुई भरली. मनकर्णा पोराला घ्यायला उठून बसली — आणि बसल्या बसल्या कलंडली. ओठ निळे. नाडी लागेना. मग लागली, पण धागा! कडूबाईने हंबरडा फोडला, "चांगली व्हायली हुती की वो! काय टोचायलाव तिला?"

मी पळत ऑफिसात गेलो. "व्यंकटराव, किल्ली!" ते उठून कपाटासमोर उभे राहिले, दोन्ही हात पसरून. "पाया पडतो, डाक्टरसाहेब. पाच लेकरं हायती मला." मी टेबलावरचा, कागद दाबायचा दगड उचलला होता. काच फोडणारच होतो. फोडली नाही. शूर असतो तर डॉक्टर कशाला झालो असतो!

परत आलो. लाज गिळून आश्रुबाला म्हटलं, "वाच."

त्याने चष्मा लावला. पान शोधायला त्याला क्षणही लागला नाही. सन सव्वीस, एका डॉक्टरने एका कोष्ट्याला बारा सुया दिल्या, बाराव्या दिवशी माणूस परसाकडे जायला उठला आणि पडला तो उठलाच नाही. सन एकतीस, एका बाईला नऊ झाल्यावर नाडी पळाली, औषध थांबवलं, दोन आठवडे आडवी ठेवली. जगली. "ह्या औषधानं आव मरती, पर काळीज बी थकतं, साहेब. धाच्या म्होरं न्हाई. नाडी पळाली तर त्याच्या बी आदी थांबायचं. आन हातरुणातून हालू द्यायचं न्हाई."

मी भरलेली सुई मोरीत रिकामी केली. मनकर्णेला आडवं निजवलं. तोंडही दुसऱ्याने पुसायचं. पोराला शेळीचं दूध. मी तिच्याजवळ स्टूल टाकून दिवसभर नाडी धरून बसलो. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलासारखी भीती.

२४ डिसेंबर

नाडी शंभर. कडूबाईने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. नजर माझीच मला लागली होती, हे तिला कसं सांगू!

२८ डिसेंबर

बन्सीधरचं उत्तर! उशिराबद्दल दहा ओळी माफी. मग माझ्याच नोट्समधलं वाक्य जसंच्या तसं उतरवून दिलंय — "एमेटिन रोज एक ग्रेन. किती दिवस, ते पुस्तकात पाहावे."

अक्षर सुंदर होतं म्हणतो माझं.

३ जानेवारी १९४१

तपासणी झाली. सील तुटलं. सदतीसच्या सदतीस पुस्तकं भरली. तपासणी अधिकाऱ्यांनी शेरा मारला — "सर्व किताबें कोरी व उत्तम हालतीत. शाबास." व्यंकटराव लहान मुलासारखे रडले. मलाही भरून आलं असतं, पण मी तेवढ्यात निळं पुस्तक ओढून पान शोधत होतो.

दहा सुया. नाडीकडे लक्ष. अंथरुणात पूर्ण विश्रांती. आश्रुबाची वहीच जणू, फक्त इंग्रजीत आणि सोनेरी पाठीची! पुढे आणखी एक ओळ होती — औषध संपल्यावरही काही आठवडे चालणं, कष्ट वर्ज्य. काळजाचा धोका मागाहूनही असतो. ती ओळ मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायच्या आत व्यंकटरावांनी पुस्तक हातातून घेतलं.

नवीन सील लागलं.

मनकर्णा सोमवारी घरी जाणार. गाडीत गवत टाकून, आडवी निजवून. आश्रुबाने गाडीवानाला तीनदा बजावलं.

पौष लागून आठवडा होत आला. सटवाजीचा हुरडा काही आला नाही. बरा झाला की डॉक्टर कोण आठवतो!

६ जानेवारी, सोमवार

हुरडा आला. सटवाजीची बायको पारूबाई घेऊन आली. कपाळ मोकळं. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी तो विहिरीवर पाणी शेंदत होता. दोर हातात होता तसाच खाली बसला. ती म्हणाली, "तुमचा गुण आलता साहेब, पोट एकदम बरं झालतं. त्यानीच सांगून ठिवलतं, ह्या ओळीतली कनसं डाक्टरची."

मी तिला खरं सांगितलं. सगळं. ती पदर सावरून उठली. हुरडा परत नेला नाही.

आश्रुबाने वहीत "सटवाजी, ताडकळस" लिहिलं आणि टाक माझ्यापुढे धरला. "म्होरलं तुमी लिवा. मोडी येत नसंल तर बाळबोध लिवा." मी लिहिलं — चौदा सुया. चालत पाठवला. आश्रुबाने गाडी सांगितली होती, हेही लिहिलं.