चहा घ्या, सही करा

मुख्याध्यापक सर,

नमस्कार लिहिणार होते, पण हात वळला नाही.

शाळा समितीवर पालक म्हणून मला घेतलंत, तेव्हा मी शिवणाच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटले होते. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही. तुम्ही हसलात. "बघू हो ताई. चहा घ्या, इथे सही करा." मी न वाचता सही केली.

गेल्या महिन्यात माझी मुलगी तापाने फणफणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीला जंतुसंसर्ग झालाय, पोरगी दिवसभर पाणीच पीत नाही. का, विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. मुलं दार ढकलतात."

बरी झाल्यावर तिला घेऊन मी तणतणत तुमच्या ऑफिसात आले. तुम्ही रजिस्टर पुढे सरकवलंत. 'स्वच्छतागृहे सुस्थितीत.' खाली माझी सही. "तुम्हीच तर लिहून दिलंय!" मुलीने तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

तुमच्या नावाने अंगाची लाहीलाही होते, सर. पण त्या नजरेपुढे मला मान वर करता आली नाही, ते कोणाला सांगू?

हे पत्र तुम्हाला देणार नाही. दिलं की फायलीत लावाल. त्यापेक्षा काल मी तिच्या सातवीच्या वर्गातल्या अकरा मुलींच्या आयांना घरी जाऊन भेटले. सात जणींच्या मुली शाळेत पाणी पीत नाहीत. सोमवारच्या बैठकीला आम्ही सगळ्या येतोय, मुलींना घेऊन. आधी त्या बोलतील. तुम्ही गुमान ऐकायचं.

तुमच्या समितीची सभासद,
पण आधी तिची आई