सोड म्हणू का राहा म्हणू

वेरावळ बंदर, १९८६

विजयाताय,

बोयसरच्या दवाखान्यात कृष्णकांतमामा गेला आणि मामीनं तुला सगळ्यांदेखत मारलं, हे कळलं. छातीत दुखत होतं, तरी त्याला सकाळपासून घरीच निजवून ठेवला, का तर तुझी ड्युटी दुपारी लागते. "आपली पोर असल्याशिवाय नाय जायचं," असं आपलं आख्खं नवापूर गाव बोलतं. आणि उशीर झाला की तूच घालवलंस!

सोड ती नर्सची नोकरी, असं लिवायला बसलो, तेवढ्यात माझ्या बायकोचा, शालूचा, गावाहून निरोप आला. तिचे दिवस भरलेत. कळा आल्या तरी ताय ड्युटीवर येईपर्यंत थांबेन म्हणते.

आमची मच्छीमारीची बोट उद्या दर्यात सुटते, मला घरी येता यायचं नाय. तू नोकरी सोडलीस तर ती दवाखान्यात जायचीच नाय. राहिलीस तर तुझी वाट बघत बसेल.

लांबून नुसता बघणारा,
तुझा भाऊ विश्राम