आता पाणी उरतं

इंदूर,
१२ एप्रिल १९९३

ती. दादांस,
सुलोचनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. नळ एक दिवसाआड येतो, आणि येतो तेव्हा घरात दुसरं काहीच होत नाही.

मिल बंद झाल्यापासून हे घरीच आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. कित्येक महिने नुसते ओट्यावर बसायचे. मग एकदा उठून त्यांनी मोरीपासून नाली खोदली आणि ते पाणी मागच्या केळींकडे वळवलं. मला बरं वाटलं. वांग्यांच्या मुळाशी मडकी पुरली, वाफ्यांवर पालापाचोळा अंथरला. भाजी धुतलेलं पाणी मिरच्यांना, तांदळाचं कढीपत्त्याला. गल्लीतल्या सगळ्यांच्या बागा वाळल्या, आमची हिरवी आहे. लोक बघायला येतात.

पण आता ते माणसांनाही मापायला लागलेत. सूनबाई, विनीता, केस धुवायला बसली की हे दाराबाहेर खाकरतात. बिचारी डोक्यात शिकेकाई तशीच ठेवून उठते. भूषण पीथमपूरच्या फॅक्टरीतून ऑईलने काळा होऊन येतो. परवा तो आंघोळीला गेला, तर ह्यांनी बाहेरून सांगितलं की बस झालं, उरलेली बाल्टी वांग्यांची आहे. पोरगा अंगावर फेस घेऊन बाहेर आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला की बाबा, मी वेगळी खोली बघतो.

दादा, फार थकले आहे मी. कुणाकुणाला समजावू?

वहिनींना नमस्कार. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

सुलू


बेटमा,
१९ एप्रिल १९९३

चि. सुलोचनास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, श्रीपादरावांना महिनाभर इकडे पाठव, आमच्याही विहिरीला तळ दिसतोय, चौकीदार हवाच आहे. थट्टा जाऊ दे.

सुलू, जन्मभर मिलच्या रंगखात्यात त्या माणसाच्या एका शब्दावर हौद भरायचे नि रिकामे व्हायचे. आता त्यांचा शब्द कोण ऐकतं? घरासाठी आपल्या हातून काही होतंय, असं त्यांना त्या बागेतच वाटत असणार. म्हणून बागेवरून टोचू नकोस. पण भूषणला जाऊ देऊ नकोस. श्रीपादरावांना माझं नाव घेऊन सांग, दादा म्हणतात, वांगी मंडीतही मिळतात.

गहू निघाला. अंग मोडून आलंय, जास्त लिहवत नाही. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा


इंदूर,
२४ मे १९९३

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी नळ आला, सगळं भरून झालं, तेव्हा त्यांनी दोन बाल्ट्या मोरीत नेऊन ठेवल्या आणि विनीताला म्हणाले, भूषणला सांग, आरामात नहा. वांगी त्या दिवशी कोरडीच राहिली.

पण भूषणने खोली ठरवून टाकली होती. महिना लागताच दोघं गेली. भांडण नाही, काही नाही. कंपनीची बस तिथून जवळ पडते म्हणाला.

आता घरात पाणी उरतं, दादा. पुढचा नळ येतो तरी हौद अर्धा भरलेला असतो. झाडांना पोटभर मिळतं, पण ह्यांचं तिकडे लक्ष नाही.

भूषणची खोली राऊ गावाकडे. तिथे नळ नाही, हँडपंप आहे, तोही लांब. म्हणून हे आता सायकलला कॅन बांधून तिकडे पाणी पोचवतात. ऊन काय सांगू! ऐकत नाहीत.

काल आले ते लाल होऊन. भूषण ड्यूटीवरून आला नि ह्यांच्यासमोर अंगणात नहायला बसला, म्हणे. अर्ध्याच बाल्टीत. ह्यांनी कॅन पुढे सरकवला, अजून घे म्हणाले. तर तो हसून म्हणाला, पुरे बाबा, आता सवय झाली. रागाने म्हणाला असता तर ह्यांना सोपं गेलं असतं.

पानावर बसले, पण घास हातातच राहिला. मला म्हणाले, तू तरी मला थांबवायचं होतंस. किती वेळा थांबवलं होतं, ते मी काढलं नाही. आमटी वाढली, आणि म्हटलं, परवा मी पण येते तुमच्याबरोबर. दुसरा कॅन मी धरीन.

वहिनींना नमस्कार. आम्हा सगळ्यांवर लोभ राहू द्या, त्याची आता जास्तच गरज आहे.

सुलू