शुक्रवारी तासाभरासाठी ओढ्यावर दोन लोखंडी पाट टाकण्याबाबत

प्रति,
मा. नियोजन अधिकारी,
ग्रामीण विभाग, जिल्हा नियोजन कार्यालय

विषय : वरीलप्रमाणे. निकड आहे.
संदर्भ : पक्क्या पुलासाठीचा माझा दि. ३ जून २०२४ चा अर्ज (स्थगित)

महोदया,

१. मी क्लेमेंट टज, वय ७८, लोअर हॅच येथे मेंढ्या पाळतो. घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा असून त्यावर वडिलांच्या वेळचा लाकडी साकव आहे. पत्नी एव्हिस हिचे हृदय अधू. मागील वर्षी रुग्णवाहिकेचा चालक साकवापाशीच थांबला. म्हणाला, "आजोबा, ह्याच्यावर गाडी घातली तर मलाच दुसरी गाडी बोलवावी लागेल." म्हणून पूल मागितला.

२. आपण कळवलेत की काठापासून दहा मीटरच्या आत बांधकाम असल्यास तेथील जीवसृष्टीची मोजणी करून, ती दहा टक्क्यांनी वाढवून, तीस वर्षे सांभाळावी लागेल. मी बांधावर झाडे लावून देतो म्हणालो. उत्तर आले, ओढ्याची भरपाई ओढ्यातच. तीस वर्षांनी मी एकशे आठ वर्षांचा असेन. तरी मान्य केले.

३. मोजणीसाठी मिस ऑर्चर्ड सप्टेंबरात आल्या. त्याच्या आदल्या दिवशी मी काठावरचे सगळे गवत काढून ओढा खरवडून लख्ख केला होता. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे काय करून ठेवलंत!" त्या गवतात संरक्षित पाणउंदरांची बिळे होती म्हणे. अहवालात 'हेतुपुरस्सर नासधूस' असे लिहिले गेले, आणि नवी मोजणी एप्रिलवर गेली. मी तेव्हा सही करून दिली की हे माझ्या मनाने केले. ते खोटे होते. हुकूम एव्हिसचा होता. "कौन्सिलची बाई येणार आणि ओढा असा गबाळा? टजांच्या घराला वळण नाही म्हणतील!" महोदया, आमच्याकडे पाहुणा येणार म्हटले की झाडझूड करतात. हेतू एवढाच होता. हिवाळाभर ती स्वतःला खात राहिली, "माझ्या जिभेनं पूल घालवला."

४. शनिवारी, ८ मार्चला, तिला पहाटे धाप लागली. रुग्णवाहिका पलीकडेच थांबली. गाडीतले लोक चिखलातून धावत येईपर्यंत धीर निघेना, म्हणून ट्रॅक्टरमागच्या मेंढ्यांच्या पेटीत गोधडी घालून मी तिला खाली आणले. "क्लेम, मी काय मेंढी आहे का रे?" एवढे बोलली. साकवाच्या अलीकडेच गेली. त्याच पेटीतून तिला घरी परत नेले.

५. अंत्यविधी शुक्रवारी सकाळी अकराला, चर्चच्या आवारात, तिच्या आईशेजारी. शववाहिकेचे श्री. प्रीस साकव पाहून म्हणाले, "गाडी नाही जायची. मेंढ्यांच्या पेटीतूनच आणा खाली." गावात खांदा देणारे सगळे माझ्याच वयाचे, आणि उताराला चिखल घोटाभर. पण माझ्या बायकोला त्या पेटीत मी तिसऱ्यांदा घालणार नाही.

६. सबब, शेजाऱ्याचे दोन लोखंडी पाट, म्हणजे शववाहिकेच्या चाकांखाली घालायच्या जाड फळ्या, सकाळी दहा ते अकरा साकवावर काठापासून काठापर्यंत टाकू द्यावेत. ते पाण्याला शिवणार नाहीत. एका तासासाठीही तीस वर्षांची हमी लागत असल्यास ती सही करून जोडली आहे.

७. नकार असल्यास गुरुवारपर्यंत कळवावे. मग तिला वरच्या कुरणातच पुरेन. ओढ्यापासून तिथपर्यंतचे अंतर मी दोरीने मोजले आहे. दोनशे दहा मीटर भरले.

नियम मोडण्याची इच्छा नसलेला,
क्लेमेंट टज
१० मार्च २०२५

सोबत : (१) मृत्यूचा दाखला (२) तीस वर्षांची हमी, सहीसह